आमच्या कॅसेटचं परीक्षण

मामाची केळीची वखार पाडायची ठरली, तसा मामेभावाचा मला फोन आला. "तुझं काही सामान आहे का रे आत? असलं तर घेऊन जा," तो म्हणाला. माझं सामान तिथं काहीच नव्हतं. तरी कारखान्यातून अर्धी रजा टाकली आणि गेलो.

वखारीचं दार चार बोटं जाडीचं. ते आता भिंतीला टेकवून बाहेर ठेवलं होतं, आजारी माणसाला उन्हात बसवावं तसं. आतल्या खोलीच्या भिंतींना थर्मोकोल आणि त्यावर गोणपाट ठोकलेलं. बर्फाच्या लाद्या ठेवायची सिमेंटची नांद कोरडी पडलेली. इथं केळी पिकायची बंद होऊन कितीतरी वर्षं झाली, पण मी गोणपाटाला नाक लावलं आणि वास आला. पिकलेल्या केळीचा नव्हे, पिकायच्या आदल्या दिवशीचा. हिरव्या सालीच्या आत काहीतरी गोड व्हायला लागलेलं असतं आणि बाहेरून अजून कळत नसतं, तो वास.

"काय हुंगतोयस?" मामेभावानं विचारलं.

"इथं आमची कॅसेट झाली होती."

"कसली कॅसेट?"

तो तेव्हा चौथीत असेल. मी म्हटलं, "काही नाही. गाण्यांची." आणि नेहमीसारखा गप्प बसलो. गप्प बसणं मला फार चांगलं जमतं. पंचवीस वर्षं जमवलंय. आज मात्र लिहायचंच, असं ठरवून बसलोय.

दोघांचा बँड होता आमचा. मी आणि भटू. बँड म्हटलं की जळगावात लोकांना लग्नाचा वाटायचा. "आमच्या पुतण्याची तारीख धराल का?" असं दोघांतिघांनी खरंच विचारलं होतं. भटू त्यांना म्हणायचा, "धरसूत ना भाऊ, पन नवरदेव रडी." आम्ही जे वाजवायचो त्याला आम्ही रॉक म्हणायचो. दुसरं कोणी काही म्हणतच नव्हतं, त्यामुळे वादही नव्हता.

भटू धुळ्यापलीकडचा, साक्री रस्त्याला पांझरेकाठचं त्याचं गाव. घरी म्हशी. कॉलेजला जळगावात आला आणि होस्टेलच्या मोरीत तांब्या बादलीवर वाजवत गात होता, तिथं मी त्याला पहिल्यांदा ऐकलं. मी दारात थांबलो, हातात टॉवेल. तो गात होता अहिराणी, त्याच्या आईचं जात्यावरचं काहीतरी, पण चाल अशी तोडूनमोडून घेतलेली की मला कळेना हे जुनं आहे की नवं. आवाज जाड, वरच्या पट्टीत गेला की जरासा फाटणारा. कपाशीची कोरडी पळाटी मोडताना होतो तसा. माझ्याकडे तेव्हा भुसावळच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याची जुनी इलेक्ट्रिक गिटार होती आणि ती जोडायला फोडलेला एक रेडिओ. मी म्हटलं, "खोलीवर येतो का?" तो म्हणाला, "अंग पुसू दे मन्हं."

बस्स, असा झाला आमचा बँड.

कॉलेज संपल्यावर तो गावी गेला आणि मी जळगावात राहिलो. मग आम्ही मध्ये भेटायला लागलो. जळगाव आणि धुळ्याच्या मध्ये पारोळा. दर रविवारी मी इकडून एसटीनं जायचो, तो तिकडून यायचा. माझ्या मांडीवर उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली गिटार, त्याच्या पायाशी लग्नाच्या बँडमधला फुटका साइड ड्रम आणि दुधाचा एक ॲल्युमिनियमचा कॅन. कॅनमध्ये मूठभर वाळू टाकून तो उलटा वाजवला की असा घुमायचा, की स्टँडवरची कुत्री उठून उभी राहायची. फलाटाच्या मागं लिंबाखाली बसायचो. शेंगदाणेवाल्याची कढई, डिझेलचा धूर, ओल्या पोत्यात गुंडाळलेले माठ, आणि "धुळेऽ धुळेऽ" ओरडणारा कंडक्टर. बसच्या पाटीवर लिहिलेलं असायचं, जळगाव-धुळे, व्हाया पारोळा. आमच्या बँडला वेगळं नाव शोधायची गरजच पडली नाही.

गाणी मी लिहायचो असं कॅसेटवर छापलंय. खरं सांगायचं तर मी लिहायचो ती पुस्तकी मराठीत, आणि भटू गाताना ती त्याच्या भाषेत फिरवून घ्यायचा. मी लिहिलं होतं, 'उन्हाने दाराची कडी तापली.' तो गायचा, 'ऊन उनं, ऊन उनं, दारनी कडी चटका दे.' उनं म्हणजे आलं. मी लिहिलेलं वाक्य होतं. त्यानं गायलेलं ऊन होतं. हे मला तेव्हाही कळत होतं.

रेकॉर्डिंगला जागा नव्हती. भर उन्हाळ्यात आवाज न येणारी आणि जीव न जाणारी खोली अख्ख्या जळगावात एकच, मामाची वखार. मामा आधी नाही म्हणाला. "माझ्या केळीला काही झालं तर?" भटूनं त्याचे पाय धरले. मामा लाजला आणि हो म्हणाला. बाहेर डांबर वितळतंय, दाल मिलवरून तुरीची पिवळी धूळ उडतेय, आणि आत आम्ही दोघं बर्फाच्या लाद्यांशेजारी स्वेटर घालून बसलेलो, भोवती छतापर्यंत केळीचे घड. ऑर्केस्ट्रावाल्याकडून आणलेलं चार ट्रॅकचं टेपमशीन एका क्रेटवर. वीज यायची-जायची, तिच्या वेळा पाहून गाणी बसवायची. आजही ती कॅसेट लावली तर दोन कडव्यांच्या मध्ये बर्फाचं पाणी नांदेत ठिबकताना ऐकू येतं. शेवटच्या गाण्यात भटूचा आवाज वर चढताना मधोमध चिरला. तो म्हणाला, "पुन्हा घेऊत." तेवढ्यात वीज गेली. ती आली तेव्हा मामाचा ट्रक लागला होता आणि घड बाहेर निघत होते. राहिलं ते तसंच.

आमच्या कॅसेटवरचं पहिलं मत मामाचं. ट्रक भरून झाल्यावर तो म्हणाला, "तुमच्या त्या बोंबलण्यानं माझा माल एक दिवस आधी पिकला." भटू हे वाक्य नंतर सगळ्यांना सांगत फिरायचा. "मना आवाजनी केळ पिकस भो!"

मुखपृष्ठ नंबर प्लेटा रंगवणाऱ्या एकानं करून दिलं, पिवळ्यावर काळं, बसच्या पाटीसारखं. आणि प्रकाशन झालं ते मामाच्या शेतात, थंडीत, भरीत करून. हिरवी, गलेलठ्ठ वांगी पळाटीच्या जाळावर टाकलेली, त्यांची साल तडकण्याचा आवाज, लसूण-मिरचीचा ठसका, कांद्याची पात, गरम कळण्याच्या पुऱ्या. केळीच्या पानांवर पंगत बसली. ट्रॅक्टरच्या टेपवर आमची कॅसेट लावली. लोक जेवत होते आणि ऐकत होते, आणि तिसऱ्या गाण्याला मी पाहिलं, लोक जेवायचे थांबले होते. हात पानावर, मान थोडी तिरपी.

शेजारच्या शेतातले एक म्हातारे आबा माझ्याजवळ आले. "हाऊ गाणारा पोऱ्या कोन्हा शे?" मी भटूकडे बोट दाखवलं. तो तिकडे पाणी वाढत होता. आबांनी त्याला जवळ बोलावून त्याच्या गालावरून हात फिरवला. मग मला विचारलं, "आनि ते मझारमा टुंगटुंग काय वाजी ऱ्हायनं व्हतं?"

"ती गिटार आबा. मी वाजवली."

"हां," आबा म्हणाले. "बरी शे."

त्या दिवशी तिथं असलेल्या प्रत्येकानं मला भटूबद्दल विचारलं. त्याच्या आवाजाबद्दल, त्याच्या आईबद्दल, तो कोणत्या गावचा याबद्दल. मी हसून सांगत होतो. माझ्या पानावरचं भरीत थंड झालं होतं आणि त्यावर तेलाची साय धरली होती, ते आठवतं.

मग कॅसेट घेऊन मी एका दैनिकाच्या कचेरीत गेलो. परीक्षण छापून येईल का विचारायला. रविवारची पुरवणी पाहणारे अप्पा नावाचे गृहस्थ होते, फार सज्जन. त्यांनी कॅसेट उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाले, "अहो, आमच्याकडे गाण्यातलं कोणाला कळतं? तुम्हीच लिहून आणा की." आपल्याकडे ही रीतच होती, आजही असेल. सत्कार ज्याचा, बातमी त्यानंच लिहायची. पुस्तक ज्याचं, परिचय त्यानंच आणून द्यायचा, खाली मेहुण्याचं नाहीतर मित्राचं नाव. यात कोणी कोणाला फसवतंय असं कोणालाच वाटत नसे. मी निघालो तेव्हा अप्पांनी मागून हाक मारली. "अन् हे बघा, नुसतं गोड गोड लिहू नका. एखादा दोषही दाखवा. नाहीतर जाहिरात वाटते."

एखादा दोष.

घरी आलो. आईनं खिडकीत सांडगे वाळत घातले होते, त्यांच्या मागे टेबल ओढून बसलो. खाली नाव घातलं, प्रा. कारखानीस, पुणे. असा कोणी माणूस नव्हता. पुण्याचं नाव असलं की लोक नीट वाचतात, एवढाच विचार. आधी गिटारबद्दल लिहिलं, 'वादनात विलक्षण संयम आणि प्रगल्भता'. स्वतःबद्दल असं लिहिताना हात जरासुद्धा थबकला नाही. मग दोषाकडे आलो. दोष शोधायला कुठं लांब जायचं नव्हतं, मी दोन गाण्यांत चक्क चुकीच्या तारा वाजवल्या होत्या. पण मी लिहिलं, 'तथापि गायकाच्या गळ्यावर कोणतेही संस्कार दिसत नाहीत. उच्चारांवरची गावाकडची धूळ अद्याप झटकली गेलेली नाही.' इथं थांबलो असतो तरी अप्पांचं म्हणणं पुरं झालं असतं. मी थांबलो नाही. पुढं लिहिलं, 'या वादकाने आपल्या योग्यतेचा दुसरा गायक शोधणे इष्ट ठरेल.'

हे शेवटचं वाक्य कोणी मला लिहायला सांगितलं नव्हतं. आजवर मी स्वतःला सांगत आलो की रीत होती, अप्पांनी सांगितलं होतं, वय होतं. तसं काही नाही. ते वाक्य लिहिताना मला बरं वाटलं. लिहून झाल्यावर मी उठून पाणी प्यायलो आणि दोन सांडगे कच्चेच खाल्ले.

परीक्षण जसंच्या तसं छापून आलं. त्या रविवारी भटू पारोळ्याला उतरला तो बसचं दार पुरतं उघडायच्या आधीच. धुळ्याच्या स्टँडवर होते नव्हते तेवढे सगळे अंक त्यानं उचलले होते.

"पुनाना मानूस शे भो! पुनाना!" तो लांबूनच ओरडला. "त्यानी आपली बठ्ठी कॅसेट ऐकी!"

"तू पूर्ण वाचलंस का?" मी विचारलं.

"दोन डाव. कंडक्टरले बी वाची दाखाडं."

"ते आवाजाबद्दल जे लिहिलंय..."

"मंग? खरं शे ना ते." तो लिंबाखाली बसला आणि पेपर मांडीवर पसरून त्यानं तो परिच्छेद मला मोठ्यानं वाचून दाखवला. 'संस्कार' या शब्दावर बोट ठेवून वाचला. आवाजात राग नव्हता. डॉक्टरनं रोग नेमका ओळखला की माणसाला जसं हायसं वाटतं, तसा होता. "इतला मोठा मानूस. त्याले दोन मिन्टमा समजनं. आपले इतला दिन समजनं नही."

मी म्हटलं, "अरे, तसं काही नाही." पण हळू म्हटलं. माझं मलाच ऐकू येईल एवढंच.

पुढच्या रविवारी त्यानं एक पाकीट आणलं. आत कारखानीस सरांना पत्र आणि उत्तरासाठी तिकीट लावलेलं दुसरं पाकीट. त्यावर स्वतःचा पत्ता, पोस्ट-तालुक्यासकट. "पेपरना हापीसमा दी दे. त्या पोहचाडतीन पुनाले," तो म्हणाला. मी पाकीट शर्टाच्या आत ठेवलं. त्यानंतर दर भेटीत तो विचारायचा, "उनं का काही?" मी म्हणायचो, "अजून नाही." असं कितीदा झालं ते आता सांगता येणार नाही. एका रविवारी त्यानं विचारलं नाही. आणि त्याच्या पुढच्या रविवारी तो ड्रम न आणता आला. "तू दुसरा गायक देखी ले भो," तो म्हणाला. "मन्हामुळे तुना नुकसान नको." शेंगदाण्याची पुडी माझ्या हातात दिली आणि धुळ्याच्या बसमध्ये चढला. मला वाटतं, मी हात हलवला.

दुसरा गायक मी कधी शोधला नाही. गिटार आधी कपाटावर गेली, मग भाच्याकडे, मग कुठं ते ठाऊक नाही.

मैत्री तुटली असती तर सोपं झालं असतं. ती तुटली नाही. माझ्या लग्नाला भटू खव्याचा डबा डोक्यावर घेऊन आला. त्याच्या लग्नात मी वरातीत नाचलो. आमची सई झाली तेव्हा तिला पाहायला येऊन त्यानं तिच्या पाळण्याला दोरी बांधून दिली, म्हशीच्या दाव्याची गाठ, "सुटाव नही" म्हणाला, आणि ती खरंच सुटली नाही. वर्षातून दोनदा तरी भेट व्हायची. त्या भेटीत चहा, शेवभाजी, म्हशींची चौकशी, सगळं असायचं. गाणं नसायचं. कोणी आग्रह केला तर तो गळ्याला हात लावून हसत म्हणायचा, "आपला गया तसा नही." मी चहाचा कप तोंडाला लावायचो.

गेल्या महिन्यात सईचा पुण्याहून फोन आला. ती फोनवरच ओरडत होती. "बाबा! व्हाया पारोळा म्हणजे तुम्ही?" कोणाला तरी भंगारात आमची कॅसेट सापडली, त्यानं ती इंटरनेटवर चढवली आणि जुन्या कॅसेटींवर लिहिणाऱ्या नाशिकच्या एका मुलीनं, मृण्मयी तिचं नाव, त्यावर भलंमोठं लिहिलं.

"वाचू का?" सई म्हणाली. "ऐका. 'गिटार बेताची आहे, पण ती कुठेही गाण्याच्या आड येत नाही.' बाबा, तुम्ही बेताचे आहात!" ती इतकी हसली की मलाही हसू आलं. पंचवीस वर्षांनी माझ्याबद्दल कोणीतरी खरं लिहिलं होतं. बाकी सगळा लेख भटूवर होता. तो आवाज कसा कोणाचाच नाही, ती भाषा त्याच्या तोंडी कशी घरात वावरल्यासारखी वावरते, शेवटच्या गाण्यात आवाज चिरतो तिथं आपण ते गाणं चार वेळा मागं नेऊन ऐकलं. सई वाचता वाचता थांबली. "बाबा, हे आपले भटूकाका? पाळण्याच्या दोरीवाले? ते गातात?"

"गायचे."

"मग थांबले का?"

मी म्हटलं, "नेटवर्क जातंय." आणि फोन ठेवला. नेटवर्क उत्तम होतं.

त्यानंतर दोन आठवड्यांनी मामेभावाचा वखारीचा फोन आला. त्या गोणपाटाला नाक लावून उभा होतो तेव्हाच मला कळलं की आता जावं लागेल. घरी येऊन लोखंडी पेटीच्या तळातून ते पाकीट काढलं आणि रविवारी धुळ्याची बस धरली.

आता रस्ता चौपदरी झालाय. खासगी गाड्या पारोळ्यात शिरतही नाहीत, बाहेरच्या बाहेर जातात. मी मुद्दाम एसटीनं गेलो. स्टँडवर दहा मिनिटं थांबली. मी खिडकीतून बाहेर पाहिलं नाही, पण कढईतल्या शेंगदाण्यांचा वास आत आला. वासाला खिडकी बंद करून भागत नाही.

भटू गोठ्यात होता, कडब्याची कुट्टी काढत. मशीनचा नुसता गदारोळ. केस पांढरे झालेत त्याचे, मिशा काळ्या ठेवल्यात. "अरे वा वा! सांगं नही, सवरं नही!" त्यानं मशीन बंद केलं. "रत्ना, देख कोन उनं! चहा ठेव." रत्नावहिनी ओट्यावरून हसल्या. मी म्हटलं, "चहा नंतर. आधी ऐक." आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं. सगळं. अप्पा, सांडगे, ते शेवटचं वाक्य.

भटू गव्हाणीच्या कडेवर बसला.

"म्हंजे पुनाना तो मानूस..."

"नव्हताच. मीच."

"कारखानीस?"

"मीच, भटू."

मी शिव्यांची तयारी ठेवली होती. एखादी थोबाडीत बसली असती तर घरी नेली असती. त्यानं समोरच्या म्हशीपुढं मूठभर कुट्टी सारली. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "मंग आपली कॅसेट पुनाले कोनी ऐकीच नही?"

"नाही."

"मी इतला वरीस म्हनू," तो म्हणाला, "आपला गया खराब तर खराब. पन एक शिकेल मानूसनी आपले ऐकेल शे. पुरं. एक जागे बशीसन." त्यानं हाताच्या पंजानं तोंड पुसलं. "तो बी नही."

दोष माझ्या हातून झाला तो इतकी वर्षं मी एकच समजत होतो, की मी त्याचं गाणं घेतलं. त्याच्याजवळ त्या परीक्षणातलं आणखी काही उरलं होतं आणि ते तो जपत होता, हे मला माहीतच नव्हतं. कबुली द्यायला म्हणून आलो आणि त्याचा एकुलता एक श्रोताही घेऊन बसलो.

"कसाले लिखं रे?" त्यानं विचारलं.

"सगळे तुझंच विचारत होते त्या दिवशी. भरताच्या दिवशी. माझं कोणी विचारलं नाही."

"त्या आबानी 'बरी शे' म्हनेल व्हतं ना तुले?" भटू म्हणाला. चेहरा सरळ ठेवून म्हणाला, आणि मला समजेना हसावं की रडावं. मी पाकीट पुढं केलं. त्यानं ते हातात घेतलं, उघडलं नाही. "माले पाठ शे," म्हणाला आणि बंडीच्या खिशात ठेवलं.

मग मी फोन काढला. म्हटलं, हे बघ, आता खरोखरच कोणीतरी ऐकलंय. आणि मृण्मयीचा लेख वाचायला लागलो. आवाज कोणाचाच नाही, भाषा घरात वावरल्यासारखी, चिरलेला सूर चार वेळा. मान वर केली तर भटू माझ्याकडे टक लावून पाहत होता.

"हाई बी तूच लिखं का?"

"नाही! भटू, आईशप्पथ. नाशिकची मुलगी आहे. यात मला बेताचा म्हटलंय, बघ, हे बघ इथं."

"एखादा दोष टाकना पडस ना," तो शांतपणे म्हणाला. "नही तं जाहिरात वाटस."

खऱ्यासाठी माझ्याजवळ कोणताच पुरावा नव्हता. असता तरी तो माझ्या तोंडून आला असता. शेवटी एवढंच सुचलं. "तिचा नंबर सईनं दिलाय. तिला तुझ्याशी बोलायचंय म्हणे."

"लाव."

मी नंबर लावला. घंटी वाजायला लागली तसा त्यानं फोन माझ्या हातातून काढून घेतला. "तू बोलू नको. एक शब्द बोलू नको," म्हणाला, आणि गोठ्याबाहेर उन्हात गेला, उकिरड्यापलीकडच्या बाभळीपर्यंत, जिथून मला काही ऐकू येणार नाही.

वहिनी चहा घेऊन आल्या. त्यांनी ओट्यावरून सगळं ऐकलं होतं. कप माझ्या हातात देताना म्हणाल्या, "आमना लगीनमा मी म्हनं, एक गाणा म्हना. तर म्हनेत, पुनाना साहेबनी ना पाडी. त्या साहेबले मी बठ्ठं आयुष्य शिव्या दिन्यात भाऊ." थोडं थांबल्या. "त्या आते तुमन्या."

"हो वहिनी," मी म्हटलं.

"साखर पुरे का?"

मी मान हलवली. बाभळीखाली भटू पाठमोरा उभा होता. आधी बराच वेळ नुसता ऐकत होता. मग बोलला. मग पुन्हा ऐकलं. मग त्याचा मोकळा हात मांडीवर पडायला लागला, चार बोटं आणि अंगठा, अंगठा आणि चार बोटं. मान थोडी वर झाली. तो गात होता की बोलत होता, ते मला इतक्या लांबून कळलं नाही. कळायचा हक्कही नव्हता. एका म्हशीनं मात्र चघळायचं थांबवून तिकडे पाहिलं.

तो परत आला तेव्हा चहा संपला होता. त्यानं फोन माझ्या हातात ठेवला. गरम झाला होता.

"पोर खरी शे," तो म्हणाला.

फोन खिशात टाकून मी विचारलं, "आणि माझं काय करायचं, भटू?"

"तुना इचार मी करसू. टाइम लागी त्याले." त्यानं कडब्याची पेंढी उचलून माझ्या अंगावर टाकली आणि मशीनचं बटण दाबलं. त्या आवाजावरून ओरडून म्हणाला, "तोपावत दर रईवारे येत जाय. मशीनमा पेंढ्या देवाले मानूस लागसच!"